बेळगावातून कॅनडा: आधी नकाशा, मग तिकीट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत कॅनडाचा बेत बहुधा दोन कारणांनी ठरतो. एक तर मुलगा किंवा मुलगी टोरंटो-ब्रॅम्प्टनकडे शिकायला, नोकरीला गेलेली असते आणि आई-बाबांना बोलावते. नाहीतर बॅन्फच्या निळ्या तळ्याचा फोटो कोणीतरी मोबाइलवर पाठवतं आणि हे एकदा बघायचंच असं घरात ठरून जातं. दोन्ही घरांत पहिली यादी मात्र एकच निघते: नायगारा, टोरंटो, बॅन्फ, व्हँकुव्हर, जमलं तर उत्तरेकडचा ध्रुवीय प्रकाश, आणि सगळं पंधरा दिवसांत. तयारीची सुरुवात ही यादी खोडण्यापासून करा.

पहिली पायरी: देशाचा एकच तुकडा निवडा

कॅनडाचं क्षेत्रफळ सुमारे ९९.८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या तिप्पट. जगात रशियानंतर हाच देश मोठा. टोरंटोहून व्हँकुव्हर रस्त्याने सुमारे ४,४०० किलोमीटर. आपल्या देशाची काश्मीर ते कन्याकुमारी लांबी ३,२१४ किलोमीटर धरतात, तीही यापुढे कमी पडते. विमानानेही पाचेक तास जातात. देशात सहा कालविभाग आहेत आणि न्यूफाउंडलंडचं घड्याळ शेजाऱ्यांपेक्षा अर्धा तास पुढे चालतं. 'येता येता बॅन्फ करून येऊ' असं टोरंटोत बसून म्हणता येत नाही.

पंधरा दिवसांसाठी माझ्या मते दोनच वाटा खऱ्या आहेत.

पूर्वेची वाट: टोरंटो, नायगारा, किंग्स्टनजवळची हजार बेटं, ओटावा, मॉन्ट्रियल, क्वेबेक सिटी. इथे शहरं, संग्रहालयं, जुने रस्ते आहेत. टोरंटो ते मॉन्ट्रियल सुमारे ५४० किलोमीटर आणि त्या पट्ट्यात व्हिया रेलच्या गाड्या आहेत, त्यामुळे गाडी न चालवताही सगळं जमतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हीच वाट घ्या. क्वेबेक सिटी १६०८ साली वसली. तिच्या जुन्या भागाची तटबंदी अजून उभी आहे आणि तो युनेस्कोच्या यादीत आहे. बरेच जण मॉन्ट्रियलहून मागे फिरतात. मला विचाराल तर टोरंटोतला एक दिवस कापा, पण क्वेबेक सिटीला दोन रात्री द्या.

नायगाराबद्दल दोन शब्द. आपण गोकाकचा धबधबा पाहिलेली माणसं. गोकाकची उंची सुमारे ५२ मीटर, नायगाराच्या घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या धबधब्याची सुमारे ५७. उंचीने कोणी थक्क होणार नाही. फरक रुंदीत आणि पाण्यात आहे. घटप्रभा ऑगस्टात लाल होऊन कोसळते आणि एप्रिलात नुसता खडक दिसतो. नायगारा बाराही महिने वाहतो, कारण त्याच्या मागे प्रचंड सरोवरं आहेत. गंमत म्हणजे तिथेही पाण्यावर हिशेब चालतो. कॅनडा-अमेरिकेच्या १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या दिवसांत दिवसा जास्त पाणी सोडतात आणि रात्री त्यातलं बरंचसं विजेकडे वळवतात. म्हणून रात्रीची रोषणाई बघा, पण धबधबा दिवसा बघा. एक दिवस, एक मुक्काम पुरे.

पश्चिमेची वाट: कॅल्गरीला उतरायचं, बॅन्फ, लेक लुईस, जास्पर, मग व्हँकुव्हर आणि जमल्यास बोटीने व्हिक्टोरिया. डोंगर, हिमनद्या, तळी यांसाठी जायचं असेल तर हाच रस्ता, पण इथे कोणाला तरी गाडी चालवता आली पाहिजे. लेक लुईस ते जास्पर हा सुमारे २३० किलोमीटरचा आइसफिल्ड्स पार्कवे संपूर्ण देशातला सर्वांत देखणा रस्ता असेल, आणि त्यावर मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, पेट्रोलही वाटेत एखाद्याच ठिकाणी आणि तेही हंगामात मिळतं. टाकी भरून, नकाशा आधी उतरवून आणि डबा बांधून निघायचं. बॅन्फ गावात हॉटेलं परवडत नाहीत असं दिसलं तर राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीबाहेर कॅनमोरला राहा, गाडीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ज्या निळ्या तळ्याचा फोटो बघून बेत ठरला ते बहुधा मोरेन लेक असतं. तिथे २०२३ पासून खासगी गाडी नेता येत नाही. पार्क्स कॅनडाच्या शटल बसची जागा आधी आरक्षित करावी लागते. काही जागा वसंतातच सुटतात, उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी. तो रस्ताही फक्त जून ते ऑक्टोबरच्या आसपास उघडा असतो.

ध्रुवीय प्रकाश हवा असेल तर ती तिसरीच सहल: यलोनाइफ किंवा व्हाइटहॉर्स, ऑगस्टअखेर ते एप्रिल. वरच्या दोन्हीत ती कोंबू नका. आणि टोरंटो-व्हँकुव्हर रेल्वे? चार रात्रींचा प्रवास आहे, झोपायचा डबा महाग आहे आणि मालगाड्यांना आधी वाट मिळत असल्याने उशीर ठरलेला. ज्याला रेल्वेचंच वेड आहे त्याने जरूर जावं.

दुसरी पायरी: महिना

जून ते सप्टेंबर हा सरळ उत्तराचा काळ. जुलै-ऑगस्टात टोरंटोत चक्क उकडतं, आणि जूनमध्ये कॅल्गरीला रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. पण याच दिवसांत गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. जुलैच्या पूर्वार्धात कॅल्गरीत दहा दिवस स्टँपीडचा उत्सव असतो, तेव्हा तिथे खोल्या फार महागतात. पश्चिमेत जुलै-ऑगस्टमध्ये जंगलातल्या वणव्यांचा धूर डोंगर झाकू शकतो. जुलै २०२४ मध्ये जास्पर गावाचाच मोठा भाग जळाला. पश्चिमेसाठी मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवीन. पूर्वेसाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, मेपलची पानं लाल होतात तेव्हा. त्या वर्षी गणपती आणि दसरा कधी येतात ते मात्र आधी दिनदर्शिकेत बघून घ्या, नाहीतर घरात वेगळाच वाद.

डिसेंबर-जानेवारीत मुलांना सुट्टी असते म्हणून जाऊ नका. विनिपेगसारख्या शहरात उणे तीस होऊ शकतं. बेळगावच्या थंडीची फुशारकी तिथे चालत नाही.

तिसरी पायरी: कागदपत्रं, आणि इथे वेळ द्या

पासपोर्टचं काम बेळगावात किंवा हुबळीच्या सेवा केंद्रात होतं. तो हातात असेल तर मुदत बघा: व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही, म्हणून मुदत संपत आली असेल तर आधी नवा करून घ्या.

भारतीय पासपोर्टवर कॅनडाला पर्यटक व्हिसा लागतोच. अर्ज कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरूनच ऑनलाइन भरायचा. शुल्क सध्या १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांसाठी ८५. कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर ठशांचे मिळून जास्तीत जास्त १७०. अर्ज आणि पैसे गेल्यावर ठशांसाठीचं पत्र येतं, त्यानंतर ३० दिवसांत बंगळूर किंवा मुंबईच्या व्हिसा केंद्रात जाऊन ठसे आणि फोटो द्यायचे. १४ वर्षांखालची मुलं आणि ७९ वर्षांवरचे आजी-आजोबा यांना यातून सूट आहे. एकदा दिलेले ठसे १० वर्षं चालतात. मंजुरी आल्यावर पासपोर्ट पुन्हा केंद्राकडे पाठवायचा, स्टिकर चिकटून येतो. हे सगळं धरून प्रवासाच्या किमान पाच-सहा महिने आधी सुरुवात करा.

आता आपल्या भागाच्या खास अडचणी.

कॅनडाला कागद इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये हवेत. आपल्याकडे जन्माचा दाखला कानडीत, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, शेताचा उतारा कानडीत, आणि आजोबांची खरेदी मोडी-मराठीत अशी अवस्था घरोघरी. जे जोडायचं त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत, तिन्ही एकत्र जोडा. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना.

गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी आलं, त्याआधीच्या पासपोर्टवर आणि दाखल्यांवर बेळगाव. अर्जात जन्मस्थान पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि सोबतच्या पत्रात एका ओळीत सांगा की दोन्ही नावं एकाच शहराची आहेत. आडनावांचंही तसंच. कानडीतून इंग्रजीत गेलेलं स्पेलिंग आणि मराठीतून गेलेलं स्पेलिंग यांत एखादं अक्षर इकडेतिकडे होतं. आधार, पॅन, बँक यांतलं नाव पासपोर्टशी जुळत नसेल तर अर्जाआधी दुरुस्त करा. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामीच असेल, तर अर्जात पूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात भरायचं असतं.

पैशाचा पुरावा. अधिकाऱ्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात: खर्च तुम्हाला झेपतो का, आणि तुम्ही परत येणार का. नोकरदाराचं सोपं असतं. शेतकऱ्याचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयकर विवरणात आकडा लहान दिसतो आणि बँकेत मात्र उसाचं बिल एकदम जमा झालेलं. असा मोठा आकडा अचानक दिसला की शंका घेतात. कारखान्याची बिलं, मार्केट यार्डातल्या पावत्या, उतारे हे सगळं लावा आणि कोणती रक्कम कशाची ते पत्रात लिहा. पाहुण्याकडून आठवड्यापुरते पाच लाख खात्यात फिरवून आणायची युक्ती अजून सांगितली जाते. सहा महिन्यांचं खातं तपासणाऱ्याला ती लगेच दिसते.

मुलं तिथे असतील तर त्यांचं निमंत्रणपत्र घ्या. त्यात त्यांचा पत्ता, काम, तिथे राहण्याच्या परवान्याची प्रत, तुम्ही किती दिवस आणि कुठे राहणार हे हवं. मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक वा कायम रहिवासी असेल आणि तुम्हाला नातवंडांसाठी लांब राहायचं असेल, तर साधा व्हिसा सोडून सुपर व्हिसा बघा. साध्या व्हिसावर एका खेपेला बहुधा सहा महिने मिळतात, सुपर व्हिसावर पाच वर्षांपर्यंत. त्याला मुलाच्या उत्पन्नाची अट, वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्यविमा लागतो.

'व्हिसा पक्का करून देतो' म्हणणारा एजंट दिसला की चहा पिऊन निघा. निर्णय अधिकाऱ्याचा असतो, आणि अर्जात खोटा कागद सापडला तर पाच वर्षं बंदी येते, ती एजंटवर नव्हे, तुमच्यावर.

चौथी पायरी: तिकीट

बेळगाव बंगळूर आणि मुंबईच्या साधारण मधोमध आहे, दोन्हीकडे रस्त्याने पाचशेच्या आसपास किलोमीटर. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान किंवा रात्रीची रेल्वे, जे जमेल ते. व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. सांबऱ्यापासून टोरंटोपर्यंत एकाच तिकिटात जमत असेल तर थोडे पैसे जास्त द्या. एक विमान चुकलं तर पुढचं बसवून देणं विमान कंपनीची जबाबदारी राहते. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर मध्ये एक रात्र मोकळी ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. गोव्याहून जायचं असेल तर जुलैत चोर्ला घाटाच्या भरवशावर वेळ काढू नका.

दुबई, दोहा, अबू धाबीमार्गे विमानतळाबाहेर न पडता जाणं सोपं. अमेरिकेतून जाणारं स्वस्त तिकीट मात्र आपल्या पासपोर्टवर निरुपयोगी, कारण नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. आणि जाताना एका शहरात उतरून येताना दुसऱ्यातून निघा: टोरंटोला उतरा, मॉन्ट्रियलहून परता, कॅल्गरीला उतरा, व्हँकुव्हरहून परता. मागे फिरण्यातला एक दिवस वाचतो.

पाचवी पायरी: पैसे आणि विमा

एक कॅनेडियन डॉलर साठ रुपयांच्या वरच धरा. फळीवरची किंमत ही शेवटची किंमत नसते, कर बिलात वर चढतो: अल्बर्टात ५ टक्के, ओंटारिओत १३, क्वेबेकमध्ये जवळजवळ १५. बसून जेवलात तर वर १५ ते २० टक्के टिप अपेक्षित असते. एक सेंटचं नाणं २०१३ मध्ये बंद झालं, त्यामुळे रोखीचं बिल पाच सेंटच्या पटीत येतं. रोख थोडी, बाकी कार्ड. बाहेरच्या सहलीच्या पॅकेजवर इथे आगाऊ कर कापला गेला तर पावती ठेवा, विवरणपत्रात तो वळता होतो.

तिथली सरकारी आरोग्यसेवा पाहुण्यांना मिळत नाही आणि इस्पितळात एक रात्र काढणं सहलीपेक्षा महाग पडू शकतं. विमा घ्या, आणि मधुमेह, रक्तदाब लपवू नका. लपवलेल्या आजारावरूनच दावे अडतात.

सहावी पायरी: बॅग

मांडे, कुंदा, करदंट, शेंगाचटणी. यादी मला पाठ आहे. नियम असा की खाण्याचं जे काही आहे ते विमानतळावर सांगायचं. सांगितलं आणि चालत नसलं तर ते काढून घेतात, एवढंच. लपवलं तर दंड, १,३०० डॉलरपर्यंत. ताजी फळं, बिया, रोपं, मटणाचं काहीही नेऊ नका. दुधाच्या पदार्थांचे नियम कडक आहेत आणि बदलतात, म्हणून कुंदा न्यायचाच तर तिथल्या अन्नतपासणी संस्थेचा ताजा नियम आधी बघा. गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक, गूळ आणि सुका मेवा, टिकतंही आणि अडचणही कमी. पाकीटबंद आणि घटकांची यादी छापलेलं घ्या. दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रोख असेल तर तीही जाहीर करायची.

औषधं मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह, नव्वद दिवसांपुरती. वैद्यांनी दिलेल्या बिननावाच्या पुड्या घरीच ठेवा. वीज तिथे १२० व्होल्टची, त्यामुळे आपला मिक्सर किंवा इस्त्री चालत नाही. मोबाइलच्या चार्जरला नुसता जोड पुरतो. कपडे एकावर एक घालता येतील असे. जुलैतही लेक लुईसला पहाटे पाचेक अंश असू शकतात आणि दुपारी टी-शर्ट लागतो.

सातवी पायरी: तिथे पोचल्यावर

अधिकारी विचारेल: का आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी. विचारलं तेवढंच सांगा. हॉटेलची, परतीच्या तिकिटाची आणि निमंत्रणाची प्रत हातातल्या पिशवीत कागदावर असू द्या.

गाडी चालवणाऱ्याने बेळगावच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. तो एक वर्ष चालतो. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. लाल दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पण मॉन्ट्रियल बेटावर नाही. पिवळी शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत थांबली की दोन्ही दिशांच्या गाड्या थांबतात. हॉर्न जवळजवळ वाजवायचाच नसतो, तो वाजवायची सवय सोडायला बेळगावच्या खडे बाजारातून गाडी काढणाऱ्याला दोन दिवस लागतील. डोंगरात अस्वल दिसलं तर गाडीतच बसा. पायी असाल तर अस्वलापासून १०० मीटर आणि हरणा-सांबरांपासून ३० मीटर हे नियमाचं अंतर आहे. प्राण्याला खायला घालणं राष्ट्रीय उद्यानात गुन्हा आहे, अगदी खारीलासुद्धा.

गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे, रस्त्यात वास येईल. देशाबाहेर नेणं मात्र गुन्हाच. गोळ्या-चॉकलेटच्या रूपातही तो विकतात, म्हणून भेट म्हणून काय घेतोय ते वाचून घ्या.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. ब्रॅम्प्टन आणि व्हँकुव्हरजवळच्या सरेमध्ये तर पंजाबी दुकानांची रांगच आहे. क्वेबेकचं प्रसिद्ध पुटिन म्हणजे बटाट्याच्या फोडी, चीज आणि गरम रस्सा. तो रस्सा बहुधा मांसाचा असतो, विचारून घ्या.

राहता राहिली माणसं. १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण झालं आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा. पण त्याआधीचा इतिहास तितका मोकळा नव्हता. १९१४ मध्ये पंजाबी प्रवाशांना घेऊन आलेलं कोमागाता मारू जहाज व्हँकुव्हरहून परत पाठवलं गेलं, त्याची संसदेत माफी २०१६ मध्ये मागितली गेली. व्हँकुव्हरच्या कोल हार्बरला त्याचं स्मारक आहे, बंदरावर फिरायला जाल तेव्हा बघून या. मूळच्या लोकांना फर्स्ट नेशन्स, इनुइट, मेटी असं म्हणतात. आपल्या जुन्या पुस्तकांतला 'रेड इंडियन' हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. ३० सप्टेंबरला त्यांच्या मुलांवर निवासी शाळांत झालेल्या अन्यायाच्या स्मरणाचा दिवस असतो. बरेच लोक नारिंगी सदरे घालतात आणि काही कार्यालयं बंद असतात.

क्वेबेकमध्ये राज्याची भाषा फक्त फ्रेंच, शेजारचा न्यू ब्रन्सविक अधिकृतपणे दोन्ही भाषांचा, आणि केंद्राचं काम दोन्हीत. दुकानात शिरताना 'बोंजूर' म्हणा, मग इंग्रजीत बोलायचं का ते विचारा. चेहरा लगेच सैल होतो. पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावर तिथे कायदे झाले, मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या. टॅक्सीत बसून हा विषय आपण काढू नये, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

टोरंटोत मराठी भाषिक मंडळ आहे आणि इतर मोठ्या शहरांतही मराठी मंडळी गणेशोत्सव करतात. तो तिथीला सापडेलच असं नाही, शनिवार-रविवार बघून ठेवतात. जेवणासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, त्यामुळे मुलांना इथूनच सांगून ठेवा.